गिराणातली विळी

मांडवगण फराट्यात हौसरावला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. उजाडायच्या आत ज्याच्या कॅनांच्या खडखडाटानं वस्त्या जाग्या होतात, तो हाच. वस्तीवस्तीवरून दूध गोळा करायचं, शीतकरण केंद्रावर ओतायचं आणि मोकळे कॅन टेम्पोत घालून परत यायचं. माणूस सरळ, बोलायला गोड, पण एक खोड होती. कापायचं कसलंच हत्यार हातात धरणार नाही. उसाला तोड आली की हा बांधावर. बोकड पडला की हा पंगतीला हजर, पण सुरीच्या आसपास नाही. पन्नाशीला पोरांनी चौकात फ्लेक्स लावला, केक आणला आणि प्लास्टिकची सुरी ह्याच्या हातात दिली. हौसरावनं ती चटका बसल्यासारखी खाली ठेवली. 'तुमीच कापा रं,' म्हणाला. पोरं फिदीफिदी हसली. पोरांचं काय जातंय हसायला?

म्हातारी माणसं हसली नाहीत, कारण त्यांना ठाऊक होतं. हौसराव एकाहत्तर सालच्या राखी पौर्णिमेचा. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. त्याच्या आईला, साखरबाईला, कळा लागल्या. सुईण भागुबाई आत होती आणि बाप कोंडिबा बाहेर दाराशी बसला होता. हौसराव आला तेव्हा चंद्र अजून धडधाकट होता. त्याची नाळ कापली, त्याला फडक्यात गुंडाळला, आणि मग कळलं की पोटात आणखी एक आहे. ती पोरगी यायला लागली तोवर गिराण लागलं होतं. नाळ तिच्या गळ्याला आवळलेली. भागुबाईनं ब्लेड उचललं, तसा बाहेरून कोंडिबा बोलला, 'गिराणात कापायचं न्हाई. सुटू दे, मग काप.' साखरबाई आतून 'काप, काप' म्हणून ओरडत राहिली. भागुबाईला उद्याही ह्याच गावात राहायचं होतं. तिचा हात तिथंच थांबला.

कोंडिबा काही राक्षस नव्हता हो. गिराणात नाळ कापली तर लेक जन्माची अधू होईल, असं त्याला त्याच्या आईनं सांगितलेलं. लेकीच्या भल्यासाठीच तो बोलला. चंद्र सुटला तेव्हा लेक कधीच गेलेली होती.

त्यानंतर जे जे गिराण लागलं, त्याला साखरबाईनं एकच काम केलं. गावातल्या बायका वेध पाळून, पाण्यात तुळशीचं पान टाकून गप बसलेल्या असायच्या. ही बया माजघरात विळी मांडून कांदे चिरायला बसायची. गिराण लागल्यापासून सुटेपर्यंत चर्र, चर्र. तोंडातून अक्षर नाही. कोंडिबा दाराबाहेर डोकं धरून बसायचा आणि मधनंमधनं विचारायचा, 'सुटलं का?' आतून उत्तर म्हणून विळीचा आवाज तेवढा यायचा. सकाळी कांद्याचा ढीग उकिरड्यावर. बाई फिरली, असं गाव म्हणायचं. लहानगा हौसराव वाकळेत तोंड खुपसून दोघांना ऐकायचा. आधी आपण आलो, ब्लेड आपल्या वाट्याला आलं, हे त्याच्या मनात तेव्हापासून रुतून बसलं.

दर राखी पौर्णिमेला साखरबाई त्याच्या मनगटाला साधा लाल दोरा बांधायची. 'तुझ्या बहिणीनं दिलाय,' म्हणायची. पुढं हौसरावला मुलगा झाला, सत्यजीत. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. साखरबाईनं पाळण्याशेजारी रिकामा पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि चुलत-मावस कुणालाच पुढं येऊ दिलं नाही. सगळ्या बायका त्या पाटाकडं बघत उभ्या राहिल्या, आणि पाळणा आपसूक हलला. हौसरावची बायको सविता म्हणते, वारा असेल. हौसराव म्हणतो, वारा नव्हता.

कोंडिबा गेला. तीन वर्षांमागं साखरबाई पण गेली. विळी पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेली आणि घरात जरा शांतता आली.

यंदा सत्यजीतची बायको तेजश्री गरोदर होती. सत्यजीत रांजणगावला कारखान्यात कामाला. गणपतीच्या सुट्टीत घरी बसला होता मोबाईल चाळत. एकदम म्हणाला, 'आबा, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गिराण हाय ना, ते तुमचंच हाय. तुमच्या जन्माचं.'

'म्हंजी?'

पोरगं हुशार, समजावून सांगू लागलं. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी दर अठरा वर्षांनी, वर दहा-अकरा दिवस जाऊन, परत त्याच मांडणीत येतात आणि तेच गिराण परत लागतं. फक्त दर खेपेला दिवसाच्या तिसऱ्या हिश्शानं उशीर होतो, म्हणून ते जगाच्या दुसऱ्याच भागावर दिसतं. मागं एकदा आपल्याकडं उजाडल्यावर लागलं, एकदा चंद्र उगवायच्या आत उरकलं. तिसऱ्या फेरीला मात्र बरोबर आपल्या डोक्यावर. ज्ञानोबांनी समाधी घेतली, त्यानंतर थोड्याच वर्षांत ही साखळी सुरू झाली आणि अजून पाचशे वर्षं तरी चालायची.

'घड्याळ हाय नुसतं, आबा. भ्यायचं काय त्यात?'

लेकानं समजूत घातली खरी. हौसरावला एवढंच उमगलं, की ते गिराण कुठं गेलंच नव्हतं. मुलूखभर भटकून, घर विचारत विचारत, ते परत आपल्याच दाराशी यायला निघालं होतं. गेलं होतं राखीला आणि येत होतं पितरांच्या तोंडावर. घरात पुन्हा एक पोटुशी बाई होती. माणूस घाबरला, दुसरं काय.

पहिलं बाळंतपण माहेरी. तेजश्रीचं माहेर दौंडचं, वडील साहेबराव रेल्वेत. गौरी-गणपती उरकले की ती जाणार होती. तारीख नवरात्रातली होती. हौसराव आडवा आला. 'गिराण हितं काढू, मग मी सोता पोचवतो,' म्हणाला. तेजश्रीच्या मनात नव्हतं, पण सासऱ्याचा शब्द मोडवेना. खरं म्हणजे हौसरावला त्या रात्री दाराशी बसून राखण करायची होती. कुणापासून, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

ती रात्र आली. सत्यजीत दुसऱ्या पाळीला कारखान्यात होता. सविता सुनेला घेऊन आत बसली, हलू नको, खाजवू नको, असं बजावत. हौसराव बाहेर उंबऱ्यापाशी टेकला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की तात्या, म्हणजे त्याचा बाप कोंडिबा, बसायचा ती हीच जागा. तो उठला नाही. वर ढग फाटले, चंद्राच्या कडेला काळं लागलं आणि आतून आवाज आला. चर्र, चर्र.

हौसरावनं आत हाक मारली. 'सविता, काय चिरतीस गं?'

'मी काय चिरू? गिराण लागलंय,' सविता आतून खेकसली.

त्यानं शिडी लावून माळ्यावर बॅटरी मारली. विळी पोत्यात जशीच्या तशी होती, सुतळीची गाठ सुद्धा सुटली नव्हती. आवाज मात्र चालूच होता. तो शिडीवरच होता, तोवर खालून तेजश्री म्हणाली, 'आबा, माझं पाणी गेलं.'

सविता म्हणाली, सुटेपर्यंत उंबऱ्याबाहेर न्यायचं न्हाई. हौसराव शिडीवरून खाली आला. तेजश्रीनं भिंतीला हात टेकला आणि सासूकडं नाही, सासऱ्याकडं बघून सांगितलं, 'बाळ हलंना झालंय.'

त्यानं टेम्पो काढला. कॅन उतरवायलाही थांबला नाही. पुढं दोघी बायका कशाबशा बसल्या आणि मागं कॅन आदळत राहिले. वाटेवरच्या वस्त्यांची दारं बंद. उसाच्या वर चंद्र जुन्या तांब्याच्या परातीसारखा लाल झालेला. नदीच्या पुलावर टेम्पो आला तेव्हा कॅनांच्या खडखडाटातूनसुद्धा हौसरावला ते ऐकू येत होतं. चर्र, चर्र. आई गाडीत मागं बसलीय, असं त्याला पक्कं वाटलं. आरशात बघायची त्याची छाती झाली नाही.

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. बाळाचे ठोके उतरत होते, तातडीनं सिझर करावं लागणार होतं. तेजश्रीनं सही केली होती. सविता खोलीच्या दारातच उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

'सुटू द्या, डॉक्टर. तासा-दोन तासाचा तर सवाल हाय. गिराणात हत्यार लावायचं न्हाई.'

'बाळाकडं तेवढा वेळ नाहीये, मावशी.' डॉक्टरीणबाईंनी हौसरावकडं बघितलं. 'तुम्ही सांगा ह्यांना. पटकन.'

सत्यजीत अजून वाटेवर होता. साहेबराव रेल्वे कॉलनीतून यायला निघाले होते. दाराबाहेर उभा असलेला एकटा हौसराव. त्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून आलं, 'गिराण सुटू...'

आवाज त्याचा नव्हता, तात्याचा होता. तोच दम आणि तीच काळजी. लेकीच्या भल्यासाठी बोलणाऱ्या माणसाचा आवाज. हौसरावला स्वतःची किळस आली. बापाची कीवही त्याला त्याच घटकेला आली, आयुष्यात पहिल्यांदा. कारण कसं होतं ते त्याला कळलं. माणूस दाराशी उभा असतो, घाबरलेला असतो, आणि शब्द आपसूक तोंडात येतो. कुठंतरी जवळच, भिंतीच्या पलीकडं, विळी घाईघाईनं चालली होती. कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

'कापा,' हौसराव म्हणाला. सविता हलली नाही, तसं त्यानं पुढं होऊन तिचे हात चौकटीवरून सोडवले. 'कापा, बाई. आत्ता कापा.'

दार लागलं. सविता भिंतीला टेकून रडत बसली. आत मुलगी रडली तेव्हा बाहेर चंद्र लालच होता, आणि विळीचा आवाज थांबला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, नाळेचा गळ्याला वेढा होता, थांबलो असतो तर हाती काही लागलं नसतं. हे हौसरावला नवीन नव्हतं.

सत्यजीत पोचला. लेकीला बघून बापाच्या गळ्यात पडला, आणि मग बोलायचं म्हणून बोलला, 'आबा, ही चौपन्नची होईल तवा हे गिराण परत येतंय. कोजागिरीला.'

'येऊ दे,' हौसराव म्हणाला. 'तिला सांगून ठिवू.'

दूध काही थांबत नाही. पहाटेच्या आत त्याला वस्त्यांवर फिरायचं होतं, म्हणून तो एकटाच गावाकडं निघाला. गिराण सुटून चंद्र पांढरा फटक पडला होता. घरी आल्यावर त्यानं माळ्यावरून विळी काढली, गाठ सोडली, पातं पुसलं. कांदाचाळीतून ओंजळभर कांदे आणले आणि आई बसायची तिथं बसला. जन्मात काही न कापलेल्या माणसानं पहिला कांदा वाकडातिकडा चिरला. डोळे भरून आले, ते त्यानं पुसले नाहीत.

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. मग दबक्या, थकलेल्या आवाजात विचारलं, 'सुटलं का?'

हौसरावचा हात थांबला. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला आतून कुणी उत्तर दिलं नव्हतं.

'सुटलं, तात्या,' तो म्हणाला. 'पोरगी हाय. जित्ती हाय.'

बाहेर काठी टेकल्याचा आवाज झाला आणि पावलं अंगणातून लांब गेली. हौसरावनं दुसरा कांदा घेतला.