मयताच्या घरी कंदी पेढे

आमच्या चर्चच्या तरुण संघाने दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला सेवासहल काढायचं ठरवलं आणि प्रमुख म्हणून माझं नाव निघालं. कारण विचारलं तर सेक्रेटरी शमुवेल सरळ म्हणाला, "काकू, पंधरा विधवांच्या घरी सांत्वनाला जायचंय. तुम्हाला अनुभव आहे."

अनुभव अकरा महिन्यांचा होता. माझे यजमान एसटीत ड्रायव्हर, बरीच वर्षं सातारा-कोयनानगर गाडीवर. ते गेल्यावर याच तरुण संघाने माझंही सांत्वन केलं होतं, घड्याळ लावून वीस मिनिटं. गिटारवर एक गाणं, बायबलमधलं एक वचन, प्रार्थना, फोटो. दुसऱ्या दिवशी महिला मंडळ, तिसऱ्या दिवशी पंचकमिटी. प्रत्येकाने "कसं झालं?" विचारलं, प्रत्येकाला मी तेच सांगितलं आणि चहा केला. दहाव्या दिवसानंतर कुणी फिरकलं नाही. तोवर साखरही संपली होती.

मी हो म्हटलं ते एवढ्यासाठी, की माझ्या घरात झालं ते माझ्या देखत दुसऱ्या बाईच्या घरात होऊ द्यायचं नव्हतं. शमुवेलची अडचण वेगळी होती. कमिटीने त्याला बजावलं होतं: पंधरा घरं, पंधरा फोटो, तरच पुढच्या वर्षीची सहल मंजूर.

भेटीच्या पिशवीत टॉवेल, साबण आणि पाव किलो कंदी पेढे होते.

"पेढे?" मी विचारलं.

"साताऱ्याची ओळख, काकू."

"अरे, पेढे मूल झाल्यावर वाटतात, पास झाल्यावर वाटतात."

"तिथं कुणाला माहीत आहे?"

पंधरा खोकी पेढे घेऊन आम्ही दहाजण निघालो.

जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. पुण्याहून गोरखपूरची रेल्वे दीड दिवसाची, उशीर धरून दोन. आरक्षण सुरू होतं त्याच सकाळी करा. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या. सांगलीहून आलेल्या प्रेरणाने, ही नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, भडंगाची एवढी मोठी पिशवी आणली होती की भुसावळनंतर अख्खा डबा आमचा पाहुणा होता. मी वाचत होते. माझं शिक्षण सातवी. पुढचं एसटीने केलं. प्रवासी सीटवर पुस्तकं विसरायचे, डेपोत कुणी न्यायला आलं नाही की यजमान ती घरी आणायचे. त्यामुळे मी बरीच पुस्तकं पहिल्या पानाशिवाय वाचलीत.

गोरखपूरहून सोनौलीला बस, तीन तास. तिथली सीमा म्हणजे एक कमान. चालत जायचं, परदेश सुरू. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण मोठ्या माणसांचं आधार कार्ड चालत नाही. मतदान कार्ड किंवा पासपोर्ट घ्या. शंभराच्या नोटा ठेवा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. शमुवेलचं सगळं वेळापत्रक भारतीय वेळेत होतं. ही पंधरा मिनिटं कुठून भरून काढायची याची त्याने कमानीखालीच मीटिंग घेतली.

बुटवलनंतर तानसेनचा घाट लागतो. मी ड्रायव्हरच्या मागे बसले, सवयीने. यजमान घाटात हॉर्न फार वाजवायचे नाहीत. हा मात्र हॉर्नवरच गाडी चालवत होता, तरी त्याची गिअर टाकायची वेळ बरोबर होती. एका वळणावर माझ्या लक्षात आलं की मी मघापासून पायाने क्लच दाबतेय.

तानसेनच्या बाजारात प्रेरणाची चप्पल तुटली आणि ती मराठीत ओरडली. लगेच एका दुकानातून आवाज आला, "आवं ताई, गाव कंचं तुमचं?"

विट्याकडचा गलाईवाला होता, सोनं गाळून शुद्ध करणारा. ही माणसं देशभर असतात हे ठाऊक होतं. इथेही असतील असं वाटलं नव्हतं. त्याने चप्पल शिवायला पाठवली, आम्हाला चहा मागवला.

"कशापायी आलाय एवढ्या लांब?"

"विधवांच्या सांत्वनाला," शमुवेल म्हणाला.

"लय भारी. आन् ह्या खोक्यात काय हाय?"

"कंदी पेढे."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मयताच्या घरी पेढं? आरं गड्या, मार खाशील की!" मग म्हणाला, "माझी चुलती हाय विट्यात. चुलता जाऊन धा वर्सं झाली, एकलीच बसती. तिच्याकडं जावा की कवा तरी. पत्ता देतू."

शमुवेलने पत्ता लिहून घेतला आणि नम्रपणे सांगितलं, की आमची सेवा परदेशातली आहे.

आम्हाला जायचं ते गाव तिथून जीपने तासाभरावर. शेअर जीप घ्या, भाडं आधी ठरवा. जेवायला सगळीकडे डाळ-भात. संपला की पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नेपाळमध्ये धर्मांतर करवायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा आम्ही फक्त तिथल्या छोट्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायांकडे जायचं, असं ठरलं होतं. यादी तिथल्या पाळकांनी दिली. पहिलं नाव दिलमाया.

ती अंगणात मक्याच्या कणसांच्या ढिगाशी बसली होती. गिटार बघितलं, हात पुसले, उठून स्टूल उजेडात आणलं आणि त्यावर बसली. नवरा पुण्यात एका सोसायटीचा वॉचमन होता, ती दोन वर्षं तिथे राहिलेली, म्हणून हिंदी येत होतं.

"फोटो के लिए अभी रोना है," तिने विचारलं, "या गाने के बाद? पिछली टीम ने गाने के बाद बोला था."

शमुवेलच्या गिटारची एक तार नुसतीच वाजली. प्रेरणाने घाईघाईने पिशवी तिच्या हातात दिली. दिलमायाने खोकं उघडलं.

"अरे, मिठाई! किस खुशी में?"

नऊ जणांनी माझ्याकडे बघितलं. प्रमुख मी होते.

"गलती से," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. मग मीही. अकरा महिन्यांत एवढी हसले नव्हते. पदर तोंडात घ्यावा लागला. मी तिला म्हटलं, मेरा आदमी भी गया, अकरा महीना हुआ. तिने "कसं झालं" विचारलं नाही. स्टूल बाजूला सारलं आणि माझ्यापुढे चार कणसं टाकली.

"बैठो. क्या करता था?"

"बस चलाता था."

"कैसा चलाता था?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. माझं हिंदी आहे तसं आहे, तरी मी तासभर बोलले. पावसाळ्यात धुकं पडलं की ते खिडकी उघडी ठेवून कानाने समोरची गाडी ओळखायचे, त्यामुळे डावा खांदा कोरडा आणि उजवा ओला असे घरी यायचे. मी चहा टाकायच्या आधी टॉवेल द्यायचे. दिलमाया म्हणाली, तिचा नवरा सुट्टीवर आला की झोपेतही शिट्टी मारायचा, आणि गावातली कुत्री उठायची.

शमुवेल घड्याळ घेऊन आला. "काकू, वीस मिनिटं कधीच झाली. आज अजून चार घरं आहेत."

"असू देत."

"कमिटीला काय सांगू?"

"मका सोलत होतो म्हण."

"असं कसं? सहल बंद होईल काकू! वर्षभर राबलोय मी."

"फोटो काढायचाय तर काढ. पण आता त्या बाईला स्टुलावर तू बसव, मी सांगणार नाही."

तो दिलमायाकडे बघत उभा राहिला. तिने त्याच्या हातात कणीस दिलं. गिटार वाजवून त्याची बोटं घट्ट झालेली, दाणे भराभर सुटायला लागले. "ये लड़का काम का है," ती म्हणाली. त्याने मान वर केली नाही.

चार दिवसांत तीन घरं झाली. तिसऱ्या दिवशी दिलमायाच्या शेजारणीला नात झाली आणि उरलेली सगळी खोकी तिकडे गेली. त्या आनंदात शमुवेल एकदा तरी म्हणाला, "बघा, चालले की नाही पेढे?"

परत आल्यावर रविवारी चर्चमध्ये आम्ही एकच फोटो दाखवला: सोललेल्या मक्याचा ढीग. कमिटीतले एक वडीलधारे चष्मा पुसून म्हणाले, "यात सांत्वन कुठे दिसतंय?" पुढच्या वर्षीची सहल रद्द झाली. शमुवेल माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही. सलामसुद्धा केला नाही. त्याचं चूक नव्हतं. नुकसान त्याचंच झालं होतं.

गेल्या गुरुवारी दुपारी दार वाजलं. शमुवेल. गिटार नव्हतं. मी मेथी निवडत होते. तो खाली बसला, एक जुडी ओढून घेतली आणि बराच वेळ पानं खुडत राहिला. देठंसुद्धा भाजीत टाकत होता. मी ती हळूच बाजूला काढली.

"काकू," तो म्हणाला, "काका धुक्यात नुसत्या कानाने गाडी कशी ओळखायचे?"

मी सांगितलं. संध्याकाळ झाली. चहा त्यानेच केला, साखर जास्त पडली.

निघताना चप्पल घालत त्याने खिशातून तानसेनचा तो पत्त्याचा कागद काढला. "विट्याला थेट एसटी आहे का हो?"

"आहे," मी म्हटलं. "पेढे नेऊ नकोस."