ज्याला दिसतंय त्याला काय सांगायचं?

घरातलं माणूस रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून त्याच्याबद्दल लिहायचं राहूनच जातं. आल्यागेल्या पाहुण्यांवर मी पानंच्या पानं खरडली, देवाकडे काय मागितलं तेही रोज टिपून ठेवलं. वन्संवर मात्र धड चार ओळी नाहीत. आज लिहिते.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. ‘मला कुणाचं ऐकायची सवय नाही, उगाच एका भल्या माणसाचं वाटोळं कशाला,’ असं स्वतःच सांगून मोकळ्या होतात. आमच्या मागच्या खोलीत राहतात. उंच, किडकिडीत बांधा; चालताना चपला अशा वाजतात की जिन्यात कोण येतंय हे दार न उघडताच कळतं. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात ज्या बाया राबतात, त्या बहुतेक लांबच्या मुलखांतून आलेल्या. त्यांना इथली भाषा बोलायला शिकवणं हे वन्संचं काम. वर्ग भरायचा धुलाईघरामागच्या कोठीत. एका अंगाला चादरींचे गठ्ठे, दुसऱ्या अंगाला फळा, आणि सगळीकडे साबणाचा वास. वन्संच्या कपड्यांनाही तो लागलेला असे.

फळा त्या फारसा वापरत नसत. शिकवण्याची काही नवी तऱ्हा सुचली की आधी माझ्यावर करून बघायच्या. एकदा मला हाताला धरून स्वयंपाकघरात खाली बसवलं.

“वहिनी, पाठीला पाठ लावा. वळून बघायचं नाही.”

माझ्यापुढे काही डबे, त्यांच्यापुढे तसलेच डबे. मी माझे हवे तसे मांडायचे आणि नुसतं सांगून त्यांच्याकडून तसेच मांडून घ्यायचे.

“मोठा डबा इकडे ठेवा,” मी म्हटलं.

“इकडे म्हणजे कुठे? माझ्या पाठीला डोळे आहेत का?”

जन्मापासून ही भाषा बोलते मी, तरी घाम फुटला. हे पाणी प्यायला आले, दारातच थबकले. म्हणाले, “भांडण झालंय, की व्हायचंय?”

वन्सं हसल्या नाहीत. डबे उचलता उचलता म्हणाल्या, “बघितलंत? समोरच्याला ठाऊक नसलं की तोंड आपसूक चालतं.” तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग रुग्णालयानं धुलाईघर बंद करायचं ठरवलं. कपडे बाहेरच्या कंत्राटदाराकडे जाणार. ज्या बाया बोलण्याची परीक्षा पास होतील त्यांना वॉर्डात मदतनीस म्हणून घेणार, बाकीच्यांना घरचा रस्ता. एकेक करून सगळ्या पास झाल्या. राहिली एकटी इस्त्रीवाली.

इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर ती उभी असायची. घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणारी लेक, मिळवणारी हीच. परीक्षेत आधी नापास झालेली, आता शेवटची संधी. धुलाईघरात तिला ‘मुकी’ म्हणत, अर्थात वन्संच्या माघारी. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती. आणि मुकी कसली! यंत्र अडलं की ती त्याला इथल्या भाषेत अशा शिव्या हासडायची, की वन्सं म्हणायच्या, “ह्या काही मी शिकवलेल्या नाहीत. म्हणजे पोरगी स्वतःहून शिकतेय.” परीक्षकासमोर बसली की मात्र ओठ शिवल्यासारखे.

वन्संना चैन पडेना. वर्ग सुटल्यावर एक दिवस तिला थांबवून घेतलं. मी रुग्णालयात आजाऱ्यांपाशी बसून प्रार्थना म्हणायला दर आठवड्याला जाते, तशी गेले होते; परतताना वन्संना हाक मारायला कोठीत डोकावले, म्हणून हे माझ्या कानावर पडलं.

“घाबरतेस का?”

“नाही.”

“प्रश्न कळत नाही?”

“कळतो.”

“मग घोडं अडतं कुठे?”

तिनं हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी घातली. मग म्हणाली, “बाई, साहेब चित्र दाखवतात आणि विचारतात, यात काय आहे. चित्र त्यांच्या पुढ्यातच असतं. त्यांना दिसत असतं.”

“बरं, मग?”

“ज्याला दिसतंय त्याला काय सांगायचं? आमच्याकडे असं फक्त आंधळ्या माणसाला सांगतात. डोळस माणसाला सांगितलं, तोही मोठा माणूस, तर अपमान होतो. लहानपणी मी मामाला सांगितलं होतं, मामा, दारात बैल आलाय. मामा दाराकडेच बघत होता. अशी थोबाडीत बसली!” तिचा हात आपोआप गालाकडे गेला.

वन्सं माझ्याकडे वळल्या. डोळे असे चमकत होते की मला वाटलं, आता काही खरं नाही.

त्या दुसऱ्याच दिवशी, परीक्षा घ्यायची तऱ्हा बदला म्हणून सांगायला, परीक्षेच्या कार्यालयात गेल्या. तिथं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, “बाई, तुम्ही शिकवा. मोजायचं आमच्यावर सोडा.”

जेवताना ह्यांनी तोडगा काढला. “अगं, त्यात काय! तिला सांग, बये, परीक्षेपुरता साहेब आंधळा आहे असं समज. चार वाक्यं पाठ करून घे आणि मोकळी हो.”

“दादा, दुसऱ्या वर्गातली एक बाई अशीच पाठ करून पास झाली. वॉर्डात तिच्यासमोर एका आजारी बाईला भोवळ आली. ही धावत नर्सकडे गेली आणि म्हणाली, ‘खिडकीत एक मुलगी उभी आहे.’ तेवढंच येत होतं तिला.”

हे हसले. मलाही हसू आलं.

“हसू नका. आजारी बाई खाली फरशीवर पडली होती.”

मी म्हटलं, “वन्सं, तुमचं पटतं हो. पण तिच्या पोटाचा प्रश्न आहे. एवढ्यापुरतं वाकलं तर काय बिघडलं?”

“वाकायचं कुणी, ते सांगा. तराजू खोटा आहे, आणि तुम्ही सगळे मला म्हणताय, माल बदल.”

मला राग आला. मी म्हटलं, “आणि आम्ही रोज देवाला सगळं सांगतो ते? त्याला काय दिसत नाही? तरी सांगतोच ना?”

वन्संचा घास हातातच राहिला. मला वाटलं, जिंकले. मग त्या हळूच म्हणाल्या, “तो ऐकतो, वहिनी. हे नुसतं मोजतात.”

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दामच रुग्णालयात रेंगाळले. खोलीतला पंखा बिघडला होता म्हणून दार सताड उघडं होतं. बाहेर बाकावर मी आणि वन्सं, भिंतीला टेकून इस्त्रीवालीच्या मैत्रिणी. शिकवणाऱ्यांनी आत जायचं नाही, असा दंडक. परीक्षक वाईट माणूस नव्हता. सकाळपासून दुसऱ्या वर्गांतल्या बायांना तेच चित्र दाखवून कंटाळला होता, एवढंच. घाम पुसताना त्यानं चष्मा डोक्यावर चढवला होता आणि तो तिथंच विसरला होता.

“हं. या चित्रात काय काय दिसतंय, सांगा.”

इस्त्रीवालीनं चित्राकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. गप्प. माझ्या मनात देवाचा धावा सुरू झाला.

“सांगा ना, काय दिसतंय?”

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाली, “साहेब, चष्मा डोक्यावर राहिलाय. खाली घ्या, मग दिसेल.”

बाहेर भिंतीपाशी फसकन हसू फुटलं. परीक्षक कानापर्यंत लाल झाला. चष्मा ओढून नाकावर घेतला. “उद्धटपणा चालणार नाही! चित्राबद्दल बोला.”

ती पुन्हा गप्प. त्यानं पेन उचललं. शेजारी बघते तो बाक रिकामा.

“तुम्हाला आत येता येणार नाही,” परीक्षक म्हणाला.

“आले की,” वन्सं म्हणाल्या. “ती काय बोलली ते ऐकलंत?”

“माझी चेष्टा केली.”

“काळजी केली तुमची. काय झालंय, काय करा, केल्यावर काय होईल, एका दमात सगळं सांगितलं. सकाळपासून कुणी बोललं असं?”

“मी चित्राबद्दल विचारलं होतं.”

“चित्र तुम्हाला दिसतंय?”

“दिसतंय म्हणजे काय! समोर तर आहे.”

“मग तिला का विचारताय?”

त्यानं टेबलावरच्या पुस्तिकेवर बोट ठेवलं. म्हणाला, “नियम आहे.”

“दाखवा.”

त्यानं नियमांची पुस्तिका उघडली. ‘उमेदवाराला चित्र द्यावे. वर्णन करण्यास सांगावे.’ वन्संनी विचारलं, “परीक्षकानं ते बघत बसावं असं कुठं लिहिलंय?” त्यानं पुढची पानं चाळली, मागची चाळली. वन्संनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“उठा.”

आणि का कोण जाणे, तो उठला! वन्संनी खुर्ची गर्रकन भिंतीकडे फिरवली. “बसा. कोरा कागद घ्या. ती सांगेल ते काढायचं.”

“अहो, मला चित्र काढता येत नाही.”

“उत्तम. मग ती जास्त बोलेल.”

जाताना इस्त्रीवालीला एवढंच म्हणाल्या, “यांना आता दिसत नाहीये,” आणि येऊन माझ्याशेजारी बसल्या. मी पदर पुढे केला, त्यांनी तळवे पुसले.

आत इस्त्रीवाली त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत होती. मग खाकरली.

“साहेब, एक खोली आहे. समोर भिंत. भिंतीत खिडकी काढा. खिडकीपाशी बाई, पाठ आपल्याकडे.”

“हं.”

“तिच्या डाव्या हाताला टेबल. तिचा डावा तोच आपला डावा. टेबलाखाली मांजर. झोपलेलं नाही, झोपल्याचं सोंग करतंय. कान उभे आहेत. काढलं?”

“काढलं.”

“दाखवा बघू.”

त्यानं कागद खांद्यावरून मागे धरला.

“हे मांजर? साहेब, हा तर मळक्या कपड्यांचा गठ्ठा झाला! शेपूट बाहेर काढा. आणि बाईला पाय द्या, बिचारी तरंगतेय.”

मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. परीक्षक खोडत होता, पुन्हा काढत होता, आणि आता स्वतःच विचारायला लागला. “पडदा आहे का? कसा आहे?”

“निळा. वर उन्हानं विटलाय, खाली मूळचा रंग राहिलाय. वाळत राहिलेल्या चादरीचं तसंच होतं, तुमच्या घरीही होत असेल.”

“बाई बाहेर काय बघतेय?”

तिनं चित्र डोळ्यांजवळ धरलं. “ते चित्रात नाही, साहेब. पण मला वाटतं, लेक शाळेतून यायची वेळ झालीय.”

परीक्षकानं खुर्ची सरळ केली. आपलं चित्र खऱ्या चित्राशेजारी ठेवून बघितलं, गुण मांडले आणि “पास” म्हणाला. मग दाराकडे न बघता म्हणाला, “पण हे मला वर कळवावं लागेल.”

“जरूर कळवा,” वन्सं बाकावरूनच म्हणाल्या. “वरच्यांना इथलं काही दिसलेलं नाही. नीट सांगा.”

त्यानं नीटच सांगितलं असावं, कारण इस्त्रीवालीचा निकाल कुणी फिरवला नाही. ती वॉर्डात रुजू झाली. कोठीत आता नव्या सफाईवाल्या बायांचा वर्ग भरणार होता, तो मात्र वन्संकडून काढून घेतला. परीक्षेच्या कामात ढवळाढवळ केली म्हणे. माफी मागितली तर पुन्हा विचार करू, असा निरोप आला. वन्संनी कोठीतून आपला खडू आणि डस्टर तेवढं उचललं आणि घरी आल्या.

चार दिवस घरात सुतकी शांतता. मग एका दुपारी चपलांचे आवाज आले, एकीचे नव्हे, बऱ्याच जणींचे. त्याच नव्या सफाईवाल्या बाया होत्या. इस्त्रीवालीच त्यांना घेऊन आली होती. बाहेरच्या खोलीत पाठीला पाठ लावून सगळ्या बसल्या आणि जो कालवा सुरू झाला, विचारू नका. माझे डबे गेले, वाट्या गेल्या, ह्यांचा बुटांचा ब्रशसुद्धा गेला.

“हे रोज चालणार?” ह्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

“चालणार,” मी म्हटलं. “तुम्हाला झोपायचं तर मागच्या खोलीत झोपा.” लग्नानंतर इतकं तोडून मी पहिल्यांदाच बोलले असेन. हे उशी घेऊन मुकाट्यानं गेले.

असाच वर्ग भरलेला असताना काल परीक्षेच्या कार्यालयातला कारकून आला. भला माणूस, घाम पुसत दारात उभा. वन्संना बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, सगळ्यांना वाटतंय तुम्ही परत यावं. मोठ्या साहेबांपुढे फक्त दोन ओळी म्हणा, मी मजकूर आणलाय. ‘झाल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे. पुन्हा असे होणार नाही.’ एवढं म्हटलं की कोठी तुमची.”

माझ्या हातात चहाचा कप तसाच राहिला. कोठी वन्संना जिवापाड होती, हे मला ठाऊक होतं. रोज वाळलेल्या कपड्यांचा वास घेऊन बघायच्या, साबणाचा येतोय का.

“मजकूर कुणी लिहिला?” वन्संनी विचारलं.

“साहेबांनीच सांगितला.”

“म्हणजे त्यांना तो ठाऊक आहे.”

“अर्थात.”

मागे बसलेल्या इस्त्रीवालीनं तोंडाला पदर लावला. वन्संनी कागदाची नीट घडी केली आणि कारकुनाच्या वरच्या खिशात ठेवली.

“मग त्यांना मी काय सांगायचं? चहा झालाय, घेऊन जा. बसणार असाल तर मात्र पाठ करून बसा. आज एकीला जोडीदार नाहीये.”

कारकून घुटमळला. मग चपला काढून बसला. मी त्याच्यापुढे डबे मांडले.

देवाकडे मी रोज वन्संसाठी थोडी नरमाई मागत असे. कालपासून मागणं सोडलंय.