दोघांनी हो म्हटल्याशिवाय

वडील बाजारात हमाल होते आणि मी पदवीपर्यंतचा अभ्यास गोणपाटावर बसून केला. त्यामुळे बेलापूरला स्वतःचं घर झालं, तेव्हा ते जुन्या, भरीव लाकडी सामानानेच सजवायचं असं मी आणि बायकोने ठरवलं. दर रविवारी आम्ही रबाळ्याला एका जुन्या फर्निचरवाल्याकडे जायचो.

तो खाडीकाठच्या गावचा. बोलताना हातातल्या फडक्याने सतत काहीतरी पुसत असायचा. किंमत विचारली की आधी विचारायचा, "ठेवनार कुठं?" आणि नवरा-बायको दोघांनी हो म्हटल्याशिवाय वस्तू द्यायचा नाही.

एकदा मी एकटाच गेलो आणि लिहायचं एक सागवानी टेबल फार आवडलं. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक ते बघायला येणार होतं, म्हणून मी घाई केली.

"वहिनीला आना," तो म्हणाला.

"अहो, शिकलेला माणूस आहे मी. मला कळतं."

"कळतं हो. पन वहिनीला आना."

चिडून घरी गेलो आणि तिला घेऊन आलो. तिने वाकून टेबलाच्या खालून हात फिरवला. बोटांना लाकडाचा ताजा भुसा लागला. आत कीड होती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी त्याला विचारलं.

"व्हतं ना. पन तुमी माजं आयकलं असतं?"

बायको हसली. मला हसू आलं नाही. ते टेबल त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकलं का, हेही मी कधी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी त्याने निरोप पाठवून एक शिसवी टेबल दाखवलं. दोघांनी हो म्हटलं. घराच्या सामानात तेवढं एक टेबलच यायचं राहिलं होतं.