डावीकडे ओढणारी गाडी

गाड्या दुरुस्त करणाऱ्यांपेक्षा दुरुस्तीची वाट बघत बाकड्यावर बसणाऱ्यांकडे जास्त किस्से असतात. आमच्याकडे तर ढिगानं होते. नव्वदच्या दशकात ती छोटी, उंच, जीपसारखी नवी गाडी निघाली आणि आम्ही हौशी लोकांनी नंबर लावून घेतली. मी तासगावचा, द्राक्षबागेच्या औषधांचा दुकानदार. पहिल्या महिन्यातच सांगलीत विश्रामबागला, कंपनीच्या वर्कशॉपातल्या त्या बाकड्यावर माझी जागा ठरून गेली होती.

*

माझी तक्रार साधी होती. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडे ओढायची.

वर्कशॉपचा मॅनेजर टाय लावून बसायचा. गाडीकडे न बघता म्हणाला, "नवीन आहे ना, सवय होईल."

"कुणाला? मला का गाडीला?"

त्यानं खरोखर विचार केला. "दोघांनाही," म्हणाला.

*

नंतर स्टिअरिंगखालून टकटक आवाज सुरू झाला. गाडी चार दिवस ठेवून घेतली. परत मिळाली तेव्हा आत नवा कोरा टेप बसवलेला. कंपनीकडून भेट! मीही खुळा, खूश होऊन घरी गेलो.

आठवड्यानं पुन्हा हजर झालो. "सायेब, टेप बंद केला की टकटक येतीया."

"मग बंद कशाला करता?"

या माणसाला पगार मिळत होता, हे लक्षात घ्या.

*

एकदा हट्टानं त्याला शेजारच्या कॉलेजच्या ग्राउंडवर नेलं. म्हटलं, चालवून बघा. गाडी गेली डावीकडे.

"ग्राउंडला उतार आहे," मॅनेजर.

मी गाडी उलट्या तोंडानं उभी करायला लावली. पुन्हा डावीकडे.

टाय नीट करत साहेब म्हणाले, "उतार दोन्हीकडून आहे."

*

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण बाकड्यावर माझ्या शेजारी पलूसचे सुभेदार आप्पा बसायचे. उभी नोकरी फौजेत ट्रक चालवण्यात गेलेली, तीही बर्फाच्या घाटांत. पेन्शनीवर आल्यावर हौसेनं हीच गाडी घेतली. एक दिवस ती डावीकडे ओढत थेट उसात शिरली. शेजारी त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकी, बसल्या होत्या. दोघांनाही खरचटलं नाही एवढंच.

काकींच्या समोर मॅनेजर आप्पांना म्हणाला, "बाबा, गाडीत काही दोष नाही. वय झालं की हातात ताकद राहत नाही."

त्या दिवसापासून काकी गाडीत बसायच्या बंद झाल्या. बाजाराला, देवाला, माहेराला, सगळीकडे एसटीनं. आप्पांना बोलायच्या काही नाहीत. पण वर्कशॉपच्या दारात एकट्यानं रिकाम्या गाडीतून उतरताना आप्पांचं तोंड उतरलेलं असायचं. मला त्या मॅनेजरचा इतका राग कधी आला नव्हता.

वर्कशॉपसमोरच्या टपरीवर आप्पांनी एकदा काठोकाठ भरलेला कप हात लांब करून धरला.

"हलतुया का रं?"

"न्हाई, आप्पा."

"नीट बघ की, गड्या."

नीट बघितलं. थेंबही सांडला नव्हता. पण त्यांचा काही विश्वास बसेना.

*

शेवटी तक्रारी फार झाल्या म्हणून कंपनीनं ग्राहक मेळावा भरवला. सहकुटुंब, जेवणासह. वरच्या ऑफिसातले मोठे साहेब आले होते. आप्पा गाडीनं आले, काकी एसटीनं.

साहेब तासभर बोलले. गाडी उत्तम, देशातले रस्ते वाईट आणि चालवणारे त्याहून वाईट. आम्ही बिर्याणीच्या आशेनं ऐकून घेतलं. भाषण संपवताना साहेब म्हणाले, मिरजेहून रेल्वे पकडायची आहे, निघतो आता.

आप्पा उभे राहिले. "सायेब, माजी गाडी दारातच हाय. मिरजंला मी सोडतो की."

टाळ्या पडल्या. साहेबांना नाही म्हणता येईना. ते हसत उठले. तेवढ्यात आभार मानायला माईक हातात घेऊन उभा असलेला मॅनेजर घाईघाईनं त्यांच्या कानाशी लागला. माईक चालूच होता.

"सर, त्या गाडीत नका बसू. ती डावीकडे ओढते."

अख्ख्या हॉलनं ऐकलं. साहेब अर्धवट उठलेले, तसेच खाली बसले.

मागच्या रांगेतून काकी उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या मधून चालत आप्पांपाशी आल्या.

"म्हंजी गाडीच वडती व्हय?" त्या म्हणाल्या. "मग मला कसलं भ्या? चला घरला."

आणि बाहेर जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या.