घोड्याच्या लाथेचा नंबर

माझी बहीण हर्षला क्लास न लावता मेडिकल कोडर झाली. डॉक्टरांचे कागद वाचून प्रत्येक आजाराला, प्रत्येक इजेला ठरलेला नंबर द्यायचा, असं ते काम. भिवपुरीच्या घरात बाबांच्या खाटेशेजारी बसून, जुनी पुस्तकं वाचून तिनं परीक्षा दिली.

बाबा माथेरानला एका शेठचे घोडे सांभाळायचे. घोड्यानं लाथ मारली आणि मांडीचं हाड मोडलं. भरपाई द्यावी लागू नये म्हणून शेठ डॉक्टरांशी बोलला, आणि कागदावर आलं, 'घरात पाय घसरून पडला.' मग शेठ चार मोसंबी ठेवून गेला, तो परत फिरकला नाही.

अभ्यास करताना हर्षलाला अमेरिकेच्या पुस्तकात घोड्याच्या लाथेचा वेगळा नंबर दिसला. त्या दिवशी ती जेवली नाही. "तिकडं लाथेला नंबर हाय रं," ती म्हणाली, "आन् आपले बाबा घरात घसरले."

डॉक्टरनं लिहिलं नाही ते कोडरसाठी घडलेलंच नसतं. पण कागद पटला नाही, तर डॉक्टरला लेखी विचारायचं, हेही कोडरचंच काम.

पास झाली त्याच दिवशी ती बाबांचा कागद लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. तिनं डॉक्टरपुढे चिठ्ठी ठेवली : आमच्या घरात घोडा नाही. मग बाबांच्या मांडीवर नालेचा वण कुठून आला? लेखी उत्तर द्या.

डॉक्टर मागच्या दारानं निघून गेले. हर्षला बाकावरून हलली नाही.

आज तिसरा दिवस. मी तिचा डबा घेऊन निघालो, तर बाबा खाटेवरून पाय खाली सोडत म्हणाले, "थांब रं धनेश, मलापन ने. वण दाखवाया लागंल."