मुळांवरची बुळबुळ

कोलकात्याच्या पूर्वेला सांडपाण्याची तळी आहेत, त्यातल्या एकावर निबारण नस्करने छत्तीस वर्षं पाणी राखलं. राखलं म्हणजे शहराची घाण आत घ्यायची, काठाने बांबूंत अडकवलेल्या जलपर्णीतून मुरू द्यायची, उन्हात ठेवायची आणि मग त्यातलं घोटभर पाणी तोंडात घोळवून थुंकायचं. नाक मुरडू नका. त्याने मान हलवल्याशिवाय रोहू माशाचं एक बोटभर पिल्लूही तळ्यात सुटत नसे. जलपर्णीच्या मुळांवर बुळबुळ धरते, तिला तो कुणाला हात लावू देत नसे. खरं काम तिचंच. कॉलेजातली पोरं सांगून गेली, त्यात जिवाणू असतात.

"असतील," निबारण म्हणाला, "मी कधी नाव विचारलं नाही."

ही विद्या त्याने एकालाच दिली: मेहुणा गौरांग, बायकोचा धाकटा भाऊ, तळ्याच्या सहकारी मंडळाचा चिटणीस.

चैत्रात गौरांग सांगत आला की डासांची तपासणी यायचीय, जलपर्णी दिसली तर तळं बंद करतील. आठ दिवस काढून टाका, तोवर शहराचं सांडपाणी आत सोडणारं नाल्याचं दार बंद ठेवू. निबारणने स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून सगळी उपसली. तपासणी आलीच नाही. तिसऱ्या सकाळी नाल्याचं दार सताड उघडं, पाचव्या दिवशी मासे पोट वर करून. लगेच तळी बुजवून जमीन विकणाऱ्या भराववाल्यांची माणसं फीत घेऊन काठ मोजू लागली.

निबारणने गौरांगला बांधावर गाठलं. तो ओशाळलासुद्धा नाही, बहिणीच्या नवऱ्याला नेहमी मारतो त्याच हाकेने बोलला.

"तुम्हीच शिकवलंत ना, जामाईबाबू? बुळबुळ गेली की पाणी मरतं."

मंडळाच्या सभेत निबारण घसा फोडून सांगत होता, तीन महिने द्या, पाणी पुन्हा जिवंत करतो. पण मारलं कुणी, हाच सवाल. जलपर्णी त्यानेच काढली, हे सगळ्यांनी पाहिलेलं. राहिलं दार. त्याची किल्ली निबारणच्या घरी असे, आणि ती गौरांग मागून घेऊन गेला होता, निबारणच्या बायकोच्याच, मालतीच्या हातून. तिनेच निबारणला तसं सांगितलं होतं. त्याने तिला सभेत साक्षीला उभं केलं.

मालतीने भावाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही.

"किल्ली खुंटीलाच होती," ती म्हणाली. "यांच्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही."

भरावाचा ठराव त्याच बैठकीत झाला. घरी जाताना ती चार पावलं मागे होती. निबारण तिच्यासाठी थांबला नाही.