पंपावरचं जेवण आणि माझं भाषण

मी बोलत होते, सर मान डोलावत होते आणि मला ते फार आवडत होतं.

नाशिकच्या ऑफिसात रिव्ह्यू मीटिंग चालू होती. आम्ही सगळे सर्व्हिस इंजिनिअर. तालुक्याच्या गावांत छोट्या पॅथॉलॉजी लॅब असतात, त्यांची रक्त तपासायची मशीन्स आम्ही दुरुस्त करतो. काम सगळं फिरतीचं. त्यामुळे बाहेर स्वस्तात नीट कसं जेवायचं, हा आमचा कायमचा विषय. ग्रुपवर मी त्याबद्दल काहीबाही लिहायचे. ते सरांपर्यंत पोचलं आणि त्यांनी मला उभं केलं.

मी सांगत सुटले. बर्गरच्या दुकानात कॉम्बो घेऊ नका, जास्तीचे पैसे थंड पेयाचे असतात. साधा बर्गर घ्या आणि बाहेरच्या गाडीवर उकडलेली अंडी खा. वडा कढई चालू असेल तरच घ्या, काचेच्या कपाटातला नको. मिसळीत फरसाण कमी आणि मटकी जास्त मागा, कोणी नाही म्हणत नाही. पेट्रोल पंपावरच्या दुकानात चिप्सकडे बघू नका. ताक, भाजलेले शेंगदाणे आणि केळी घेतली की दुपार निघते. शिवाय पंपावर टॉयलेट असतं, फिरतीवरच्या बाईला ते जेवणाइतकंच लागतं. सगळे हसले. सर म्हणाले, वा.

पुढच्या आठवड्यात मेल आला. आमचा डीए, म्हणजे फिरतीवर जेवणासाठी मिळणारा रोजचा भत्ता, जवळपास निम्मा झाला होता. कारण एका ओळीत दिलं होतं. फील्डवर कमी खर्चात चांगलं जेवता येतं, हे आपल्याच एका सहकाऱ्याने दाखवून दिलं आहे. माझं नाव नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमध्ये पार्ट घ्यायला गेले, तर तिथे उभे असलेले दोघं बोलता बोलता थांबले. तिसरा शिंदे होता. त्याच्याकडे येवला, नांदगाव, मालेगाव, सटाणा हा पट्टा. तो थांबला नाही, माझ्याशी बोलला.

"ताई, तुमचा रूट कोणता?"

"निफाड, त्र्यंबक. तुला माहितीये की."

"म्हणजे सकाळी घरून पोळीभाजी खाऊन निघता आणि रात्री घरी जेवता. पंपावर खाता ते मधलं. मी चार-चार दिवस लॉजवर असतो. माझं सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं तेच."

तो रागावला नव्हता. 

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर सांगितलंत." मी बाहेर आले. ते खरंच होतं.

त्याच महिन्यात नांदगावच्या एका लॅबचं मशीन बंद पडलं. काम दोन माणसांचं होतं. मी स्वतःहून शिंदेबरोबर जाते म्हणाले. ठरवलं होतं की नव्या भत्त्यातच खायचं, आणि माझ्याच युक्त्यांनी. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गरम वडा समोर आला आणि मला तो बघवेना. पोट भरलेलं होतं आणि भूक मात्र जात नव्हती. संध्याकाळी हात थरथरत होते, बारीक स्क्रू धरता येईना. शिंदेने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पुढचं काम एकट्याने केलं.

लॉजकडे चालत जाताना वाटेत एक खानावळ लागली. भाकरी, पिठलं, गरम वरण-भात. आतल्या मावशींनी शिंदेला हाक मारून विचारलं, हल्ली येत का नाही म्हणून. तो हसून म्हणाला, पोट ठीक नाही. मी म्हटलं, चल, आज माझ्याकडून.

"नको ताई. आज तुम्ही द्याल. पुढच्या आठवड्यात मी परत इथून न जेवताच जाणार."

आम्ही पुढे गेलो. त्या रस्त्यावर मला त्याच्या बरोबरीने चालवेना. मी दोन पावलं मागेच राहिले.

पुढच्या मीटिंगमध्ये मी न विचारता उभी राहिले. म्हटलं, "सर, त्या दिवशी मी एका वेळच्या खाण्याबद्दल बोलले. माझी बाकीची दोन जेवणं घरी होतात. ती मी सांगितली नाहीत, कारण माझ्या ते लक्षातच आलं नाही." नांदगावला काय झालं तेही सांगितलं, थरथरणाऱ्या हातांसकट. सरांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, बघतो.

त्यांनी बघितलं. रात्री बाहेर मुक्काम करणाऱ्यांना जुना डीए परत मिळाला. संध्याकाळी घरी येणाऱ्यांचा कापलेलाच राहिला. त्यात मी आहे आणि आणखी दोघं आहेत. माझ्या भाषणाआधी त्यांचं बरं चाललं होतं. त्यातला एक माझ्याशी अजूनही कामापुरतंच बोलतो, आणि त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

शिंदे पुन्हा खानावळीत जेवतो. मी पंपावर ताक-शेंगदाणे खाते आणि त्यात माझं भागतं. फक्त कोणी स्वस्तात जेवायच्या युक्त्या विचारल्या, की आधी सांगते, मी घरून जेवून निघते. बहुतेकांना त्यापुढचं ऐकायची गरज राहत नाही.